इराकडून वैजूकडे बाण

माझ्या पोरीला कोणी घाबरवू शकतं, यावर माझा कधी विश्वास नव्हता आणि त्या सकाळीही बसला नाही. इराला घाबरवणं म्हणजे काय खायचं काम आहे होय! पाचवीत असताना ही बया शाळेच्या पत्र्यावर चढून अडकलेला पतंग काढत होती आणि खाली मी, म्हणजे तिची आईही आणि त्याच शाळेची खेळाची बाईही, नुसती देव देव करत उभी होते. आता ती दहावीत, आमच्या मुलींच्या खो-खो संघाची कप्तान. आणि माझ्या फोनवर तिच्या नावापासून निघालेला एक तांबडा बाण नव्या पोरीच्या नावाला जाऊन टेकला होता. इरा ते वैजयंता खरात. अर्थ एकच. इरा वैजूला भिते.

"यंत्राला ऊन लागलंय," मी म्हटलं आणि फोन खिशात टाकला.

पण दुसऱ्या दिवशीही बाण होता, आणि तिसऱ्या दिवशी तो अंमळ जाडच झाला होता.

बाणांचं हे प्रकरण आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा क्रीडा वसतिगृहात मोठ्या पोरांनी नव्या आलेल्या मुलाचे एवढे हाल केले की पोरगं जन्माचं अधू झालं. सगळीकडे बोंबाबोंब झाली आणि सरकारनं नियम काढला की शाळेच्या कुठल्याही संघात खेळायचं तर दंडावर 'अभय' पट्टी चिकटवायची. दिसायला साधी, जखमेवर लावतो तशी. माणूस घाबरला की पहिल्या एक-दोन सेकंदांत त्याची कातडी ओलसर होते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी त्याच्या घामात कॉर्टिसॉल नावाचं रसायन वाढतं. पट्टी दोन्ही मोजते. आता तुम्ही म्हणाल, धावल्यावरही घाम येतोच की. बरोबर. म्हणून पट्टी पावलं आणि नाडीचे ठोकेही मोजते, धावण्यामुळे किती घाम यायला हवा त्याचा हिशेब करते आणि तेवढा वजा करते. उरली ती भीती. शिवाय पट्ट्यांना एकमेकींचा पत्ता लागतो. अमकी जवळ आली की तमकीची भीती वाढते, असं पुन्हा पुन्हा झालं की शिक्षकाच्या फोनवर बाण उमटतो. बाण पंधरवडाभर टिकला, की ज्या मुलाकडे बाणाचं टोक, ते मूल संघाबाहेर. चौकशी मागून होते, सावकाश.

मला पट्टी आवडली होती, खोटं कशाला बोलू. आमच्या शाळेत पूर्वापार, मी खेळायचे तेव्हाही, 'पाठपूजा' नावाचा प्रकार चालायचा. नवी मुलगी संघात आली की तिला मधल्या चौकोनात बसवायचं आणि जुन्या मुलींनी ओळीनं धावत येऊन तिच्या पाठीत पूर्ण हातानं दणका द्यायचा, "खो!" म्हणून. मान वळवली की पहिल्यापासून सुरू. रडली तर वर्षभर टोपणनाव. पट्ट्या आल्या आणि पाठपूजा आपोआप बंद झाली. कुणाला काही बोलायची गरजच पडली नाही.

गंमत मात्र वेगळीच झाली. खो-खोत बसलेली मुलगी खांबांच्या मधल्या ओळीत, पाठीमागे काय चाललंय ते न बघता, खोची वाट बघत असते. पाठीवर हात पडला की क्षणात उठायचं. म्हणजे हा खेळच मुळी दचकण्याचा! पहिल्या आठवड्यात माझ्या फोनवर बाणांचं जाळं झालं. सगळ्या सगळ्यांना भीत होत्या. मी कंपनीला फोन करून जो तोंडाचा पट्टा सोडला, तो ऐकून त्यांनी केतकी नावाची इंजिनिअर आमच्या माणदेशात पाठवली. पोरगी हुशार, पण खो-खो तिनं जन्मात खेळलेला नव्हता.

"मॅडम, मागून कोणी मारणार हे माहीत असताना त्या वळून का बघत नाहीत?" ती विचारत होती.

"वळून बघितलं की उठायला उशीर होतो. गडी निसटतो."

"आणि मारतं कोण?"

"आपलीच."

तिनं डोक्याला हात लावला. शेवटी मीच तोडगा सुचवला. मैदानाच्या आत, बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लागला, तर त्याच्या आगेमागेचे काही क्षण पट्टीनं मोजायचेच नाहीत. केतकीनं तसं करून दिलं. बाणांचं जाळं गेलं, सगळं हिरवंगार झालं. मी तिला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

आणि आता हा बाण.

वैजू जूनमध्ये आली होती. मेंढरांमागं फिरणाऱ्या खरातांची पोरगी, नववीतली, शाळेच्या क्रीडा वसतिगृहात राहणारी. संघातली जागा गेली तर वसतिगृहातली जागा जाते, आणि ती गेली तर वैजू परत मेंढरांमागं. हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. पळायला असली की बघत राहावं. खांबाला वळसा घालताना तिचा पाय निसटत नाही, श्वास चढत नाही. तिची पट्टी तर बघायलाच नको. फोनवर हिरवी रेघ, फूटपट्टीनं आखल्यासारखी. परीक्षा असो, सामना असो, रेघ हलत नाही. मी तर इतर मुलींना तिचं उदाहरण द्यायचे. "शांत राहायचं कसं ते वैजूकडून शिका गं!"

मग माझ्या वाघिणीला ही मुकी पोरगी घाबरवते कशी? मी वैजूला व्हरांड्यात बोलावलं.

"इराशी काय भांडण झालंय?"

"न्हाई मॅडम."

"काही बोललीस तिला? धमकी वगैरे?"

"न्हाई मॅडम. म्या कुणाला काय केलं न्हाई."

"मग ती तुला का भिते?"

वैजूनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "इराताई? मला?" असं म्हणाली आणि परत खाली बघायला लागली. हसली की काय असं मला वाटलं, आणि माझं डोकंच फिरलं. आतल्या गाठीची आहे बरं ही, मी मनात म्हटलं.

घरी इराला विचारलं तर तिनं ताट सरकवलं. "काही नाही करत ती मला. तुझं ते यंत्र फेकून दे."

"यंत्र खोटं बोलतंय का?"

"मला नाही माहीत!" ती ओरडली, आणि मग रडायलाच लागली. इरा रडते हे मी विसरूनच गेले होते. मी तिला जवळ घेतलं आणि माझं मन पक्कं झालं. आईचं मन, त्याला कितीसा पुरावा लागतो? माझ्या लेकीला त्या पोरीनं काहीतरी केलंय, आणि लेक सांगत नाही. झालं.

देशमाने सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, सोमवारी बोलावलं. राज्य स्पर्धा तोंडावर होती.

"बाणाचा पंधरवडा उद्या भरतोय, मॅडम. मला वर कळवावं लागेल. खरात संघाबाहेर."

"कळवा," मी म्हणाले.

"तुमची खात्री आहे ना? चांगली खेळाडू आहे ती."

खरं सांगू? खात्री नव्हती. पण 'नाही' म्हणायला तोंडही उघडेना. मी म्हटलं, "उद्या सकाळचा सराव होऊ द्या, मग कळवते." आणि बाहेर येऊन केतकीला फोन लावला.

"बाण म्हणजे नेमकं काय गं? त्या पोरीनं छळ केलाय, असंच ना?"

"नाही हो मॅडम! इरा वैजूजवळ असताना घाबरते, एवढंच पट्टी सांगते. का घाबरते ते तिला कळत नाही. साप चावेल म्हणून माणूस घाबरतो, तसा पहिला नंबर जाईल म्हणूनही घाबरतो. घाम तोच."

"मग नियमात असं का नाही लिहिलं?"

"नियम आम्ही नाही लिहिला," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी वैजूची रेघ बघतेय. ही तुम्हाला बरी वाटते?"

"बरी म्हणजे? हिच्याइतकं शांत कोणी नाही."

"इतकं सपाट कोणी नसतं, मॅडम. झोपून उठल्यावर निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल चढतं, संध्याकाळी उतरतं. हिचं चढतच नाही. एखादा माणूस फार दिवस दडपणाखाली राहिला, की कधीकधी शरीर असं थकतं. रोज बोंब मारून कोणी आलं नाही, तर माणूस बोंब मारणं सोडतो ना, तसं. आजारपणही असू शकतं, मी डॉक्टर नाही. पण ही शांती नाही."

मी फोन ठेवला आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. घाबरलेली ती इरा, आणि थकलेली ती वैजू. मग कोण कोणाला काय करतंय? डोक्याचा पार भुगा झाला.

दुसऱ्या दिवशी मी शिट्टी दुसऱ्या मुलीच्या हातात दिली आणि नुसती बघत उभी राहिले. पळणाऱ्यांकडे बघायची सवय असते आम्हाला, बसलेलीकडे कोण बघतं? मी बसलेल्या वैजूकडे बघत राहिले. बसलेल्या मुलीचे खांदे सैल लागतात, नाहीतर उठताना झेप बसत नाही. वैजूचे खांदे सैल होते. एक मुलगी मागून आली, खो दिला, वैजू उठली. दुसरी आली, तशीच उठली. मग इरा मागे आली, आणि वैजूचे खांदे कानापर्यंत चढले. तोंड घट्ट मिटलं. खो पडला, वैजू उठली, पळाली, गडी बादसुद्धा केला. मुली ओरडल्या, "वैजू, भारी!"

मी वाट बघितली. परत इरा, परत खांदे वर. असं प्रत्येक वेळी. इराचा हात मात्र मला दिसत नव्हता. ती वेगात यायची, आणि तिचीच पाठ माझ्याकडे असायची.

पट्टीलाही तो दिसत नव्हता. तेवढे काही क्षण मोजू नकोस, असं मीच तिला सांगितलं होतं.

दहाचा उष्णतेचा भोंगा झाला. हल्ली तो झाला की मैदान रिकामं करावं लागतं. मी सगळ्यांना सावलीत पाठवलं आणि दोघींना थांबवलं. काय करणार होते ते मलाच धड माहीत नव्हतं. मी साडीचा पदर खोचला आणि मधल्या चौकोनात जाऊन बसले, त्यांच्याकडे पाठ करून.

"वैजू, इरा तुला जसा खो देते, तसाच मला दे."

मागे कोणी हललं नाही.

"नगं मॅडम," वैजू म्हणाली.

"दे म्हणते ना!"

मान वळवायची नाही ही इतक्या वर्षांची सवय, मी वळवली नाही. पावलं आली. मग माझ्या पाठीत, मणक्याच्या डाव्या अंगाला, काहीतरी टोकदार रुतलं. आई गं! श्वासच अडकला. डोळ्यांतून पाणी आलं. पाठपूजेचे सगळे दणके एकत्र केले तरी ते असे लागले नव्हते. मी तशीच चार पायांवर झाले, श्वास येईपर्यंत.

वळले तेव्हा दोघी हात खाली सोडून उभ्या होत्या.

"कोणी दिला?"

"म्या," वैजू लगेच म्हणाली.

इरानं दुसरीकडे बघितलं.

"बरं. परत दे," मी म्हटलं आणि परत बसले. भीती वाटत होती, सांगायला लाज कसली.

वैजूनं दिला. जोरात दिला, पूर्ण ताकदीनं, सपाट पंजानं. पाठ चुरचुरली, बस. आणि मला लख्ख कळलं, पहिला वार हिचा नव्हता. हिला तो मार कसा असतो ते ठाऊक होतं, पण हात कसा असतो ते ठाऊक नव्हतं. बसलेलीनं मागं बघायचं नसतं. मधलं बोट दुमडून त्याचं हाड पुढं काढायचं, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं.

मी उठले. इराकडे बघितलं. तिचा उजवा हात अजून तसाच, मधल्या बोटाचं हाड पुढं काढून, मिटलेला होता.

"आई, बस कर," ती म्हणाली. मैदानावर ती मला मॅडमच म्हणायची, तिनं स्वतःच लावून घेतलेली शिस्त होती ती.

"का गं?" मी विचारलं. "का?"

"ती आल्यापासून तू फक्त तिच्याबद्दल बोलतेस. घरीसुद्धा. राज्याच्या संघात एकच घेतील आपल्यातली. मला रोज भीती वाटते, सकाळी उठल्यापासून. तिला उठायला उशीर व्हावा म्हणून मारला पहिल्यांदा. तर ती जास्तच जोरात पळाली." तिचा आवाज फाटला. "मग मला थांबताच येईना."

मी वैजूकडे वळले. "आणि तू? तू का नाही बोललीस? आता खोटं का बोललीस?"

वैजू म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी कुनाचं खरं मानलं असतं, मॅडम?"

आदल्याच दिवशी तिला संघाबाहेर काढायला मी 'कळवा' म्हणून आले होते. मी तिचे दोन्ही हात धरले आणि चुकले म्हणून सांगितलं. तिनं ते ऐकलं, पण हात सैल सोडले नाहीत.

देशमाने सरांसमोर इरानं स्वतः सगळं सांगितलं. सरांनी तीनदा चष्मा पुसला.

"पण बाळ, पट्टीप्रमाणे तू पीडित आहेस."

"मी मारलंय, सर."

"तसं भरायला यात जागाच नाही." त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. खरंच नव्हती. घाबरलेला माणूसही गुन्हेगार असू शकतो, हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाण उलटा करता येत नव्हता, पुसता येत नव्हता. रद्द होण्याची एकच वाट होती. घाबरणाऱ्या मुलानं आपणहून संघ सोडायचा.

सर माझ्याकडे बघत होते. मी इराकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर माझ्या तोंडून दुसरंच काहीतरी निघालं असतं. राज्य स्पर्धेसाठी ती दोन वर्षं राबली होती. मी म्हटलं, "सर, तिला ठरवू द्या." भित्रेपणाच होता तो माझा. नाव मात्र मोठं दिलं.

इरानं बाही वर केली आणि पट्टी ओढून काढली.

बाण गेला. वैजूची जागा राहिली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. डोंबल! संध्याकाळपर्यंत गावभर झालं की वैजूच्या छळाला कंटाळून मॅडमच्या इरानं खेळ सोडला. नोंद तशीच होती ना! शेजारच्या बाया इराला धीर द्यायला आल्या, एकीनं तर खीर आणली. इरा आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर वैजूला खो द्यायला एक मुलगी तयार होईना. तिच्या मागून जायच्या आणि पुढच्या चौकोनातल्या मुलीला खो द्यायच्या. वैजू आपली बसून होती. सगळ्यांच्या पट्ट्या हिरव्या होत्या.

मी शिट्टी वाजवली, सगळ्यांना मैदानावरच थांबायला सांगितलं आणि घरी गेले. इरा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"चल."

"आई, मी सोडलं ना सगळं! आता अजून काय?"

"तू सोडलंस, पण सगळ्यांना वाटतंय तिनं सोडायला लावलं."

"त्यांना तू सांग."

"मी सांगितलं तर आई म्हणून मोठेपणा करते असं म्हणतील. तूच सांग."

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

"मलाही वाटते," मी म्हटलं. "चल."

आली. चपला हातात घेऊन, अख्ख्या संघासमोर उभी राहिली, आणि बोलली. बोट कसं दुमडायची तेही दाखवलं. शेवटी शेवटी ऐकू येईना, इतकी हळू. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यातली एक गोंधळून म्हणाली, "पण मॅडम, बाण तर इराताईकडून वैजूकडे होता. मग खरं काय? आम्ही कुणाची बाजू घ्यायची?"

माझी लेक खरंच घाबरलेली होती, तिनं खरंच मारलं होतं, आणि माझी दोघींवर माया होती. मी म्हटलं, "बाजू नका घेऊ गं. तिला खो द्या आधी."

कोणी हललं नाही. मग इरानंच चपला खाली ठेवल्या. मी "थांब" म्हणणार होते, पण तिनं आधीच वैजूला विचारलं होतं, "मी देऊ?"

वैजू चौकोनात बसलेली होती. तिनं त्या दिवशी खेळाचा नियम मोडला. मान पूर्ण मागे वळवली आणि इराच्या हाताकडे बघितलं, नीट, अगदी उघडा तळवा दिसेपर्यंत.

"न्हाई," ती म्हणाली. "तू न्हाई." आणि माझ्या बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलीला म्हणाली, "तू ये."